राजगड-तोरणा: जुलैत की डिसेंबरात?

सोलापूरहून राजगड-तोरणा दोन मुक्कामी करायचा, तर माझं मत डिसेंबरला. निदान पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तरी डिसेंबरच धरावा.

आपण पर्जन्यछायेतली माणसं. आपला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा, तोही आला तर. जुलैत इथं ऊन-सावली चालू असते, तेव्हा घाटमाथ्यावर दिवसदिवस धार थांबत नाही. म्हणून मोबाईलवर सोलापूरचं हवामान बघून निघू नका. हवामान खातं पुण्याच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतं, तो बघा. ऑरेंज अलर्ट असेल तर पैसे बुडाले तरी बेत रद्द करा. तोरण्याच्या बुधला माचीकडून राजगडाच्या संजीवनी माचीकडे जाणारी सोंड, म्हणजे दोन गडांना जोडणारी डोंगरधार, धुक्यात गडप होते, कातळ शेवाळलेला असतो, आणि पाय सरकला तर बाजूला दरी.

सोलापुरी चादर डिसेंबरच्या रात्री कामाची. जुलैत भिजली की नुसतं ओझं. जीन्सचंही तेच. ओल्या अंगाला वारा लागला की जुलैतही हुडहुडी भरते, तेव्हा कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा. कडक भाकरीही डिसेंबरात शेवटपर्यंत कुरकुरीत राहते, जुलैच्या दमट हवेत चामट होते. शेंगाचटणी दोन्हीकडे चालते.

डिसेंबरात जपायचं ते पाण्याला. सोंडेवर पाण्याची आशा धरू नका, माणशी तीन लिटर घ्या.

ढग आणि हिरवाई हवीच असेल, तर जुलैत नुसता राजगड करा. तोरण्याकडची सोंड तेव्हा नकोच.