अँजिओप्लास्टीनंतर ठोके मोजणारा छातीचा पट्टा: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात पट्ट्याचा हुक तुटला. सर्व्हिस सेंटरवाल्याने 'स्ट्रॅप वॉरंटीत येत नाही' म्हणून हात वर केले. सेन्सर ठणठणीत आहे, तुटलाय तो प्लॅस्टिकचा चिमूटभर तुकडा, आणि सुटा पट्टा विकत नाहीत म्हणे, अख्खा सेट घ्या! याचा मला मनस्वी संताप आलाय.

तरीही ज्यांना स्टेंट टाकल्यावर साधा जिना चढायचीही धास्ती वाटते, त्यांना मी ही वस्तू घ्याच म्हणेन.

आधी माझ्याकडे मनगटावरचा बँड होता. त्याबद्दल तक्रार एकच, पण ती मी कितीही वेळा सांगेन: त्याचा अलार्म. पुण्याच्या सारसबागेत सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना तो एकदम १५० दाखवून थरथरायला लागायचा. बाकावर बसून हाताने नाडी मोजावी, तर पंधरा सेकंदांत बावीस, म्हणजे ८८! मनगटावरचा हिरवा उजेड कातडीखालच्या रक्तप्रवाहातला चढउतार टिपतो. बँड सैल असला, हात हलत असला की कधी कधी पावलांचा तालच ठोके म्हणून मोजला जातो. धडधाकट तरुण ते सोडून देईल. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला मात्र तो आकडा पाहूनच दरदरून घाम फुटतो आणि दुसऱ्या दिवशी बूट घालायची हिंमत होत नाही. माझं फिरणं त्यापायी बंद पडलं होतं.

छातीचा पट्टा ईसीजीसारखा हृदयाचा विद्युत संकेतच पकडतो. आतली बाजू नळाखाली ओली करून लावायची, कोरडा लावला तर सुरुवातीला आकडे भरकटतात. हाताने मोजलेल्या नाडीशी त्याचा मेळ बसला आणि मी पुन्हा बाहेर पडलो. सेल साधा सीआर२०३२, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत कुठेही मिळतो.

पट्ट्याच्या मोबाइल ॲपमधले झोन (व्यायामात ठोके किती असावेत याचे टप्पे) मात्र आधी बदला. ते '२२० वजा वय' धरून भरलेले असतात, आणि बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके गोळीमुळे मुळातच कमी राहतात, त्यामुळे तो हिशेब आपल्याला लागू नाही. माझी ठोक्यांची मर्यादा हृदयरुग्णांच्या रिहॅबमधल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी टीएमटीच्या (ट्रेडमिलवर चालवून काढलेल्या ईसीजीच्या) रिपोर्टवरून ठरवून दिली. आणि हा पट्टा फक्त ठोके मोजतो, ब्लॉकेज ओळखत नाही. छातीत दडपण आलं, जबडा किंवा हात दुखू लागला, चक्कर आली, तर आकडा काहीही असो, थांबायचं आणि मदत मागायची.

हे लिहायला घेतलं तेव्हा पट्ट्याला पाचपैकी पाच देणार होतो. आता चार. याचं कारण नुसता हुक नाही. बाईंनी बोर्ग स्केलही शिकवला होता. ६ ते २० पैकी किती दम लागतोय ते स्वतः सांगायचं आणि ११ ते १३ च्या आसपास राहायचं. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, ही त्याची सोपी खूण. पट्टा होता तोवर मी तिकडे लक्षच देत नव्हतो. तो तुटल्यावर पर्वतीच्या पायऱ्यांवर ही दर टप्प्याला म्हणायची, "अहो, बोला काहीतरी." मी घरच्या वाणसामानाची यादी म्हणत म्हणत सगळ्या १०३ पायऱ्या चढलो. वर पोचलो तेव्हा माझा अंदाज १२ होता, आणि भीती वाटली नव्हती. या पट्ट्याने मला इथवर आणलं, हे मी कायम मान्य करीन.

घेणार असाल तर सुटा पट्टा मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. मिळत नसेल तर दुसऱ्या कंपनीचा घ्या.