‘क्वीन रॉक्स’ घ्यावा की ‘ग्रेटेस्ट हिट्स ३’?

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ला गेला. त्यानंतर निघालेल्या क्वीनच्या संकलनांत १९९७चा ‘क्वीन रॉक्स’ आणि १९९९चा ‘ग्रेटेस्ट हिट्स ३’ या दोघांपाशी गाडी अडते. आधीच सांगतो, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ दोन्हींत नाही. ती हवी असेल तर १९८१चा पहिला ‘ग्रेटेस्ट हिट्स’ घ्या आणि पुढचं वाचू नका.

‘रॉक्स’मध्ये अठरा गाणी आणि जवळपास सगळीकडे ब्रायन मेची गिटार पुढे. ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ सव्वादोन मिनिटांत धाप लावून संपतं, तर ‘इट्स लेट’ सहा मिनिटांच्या वर निवांत तापत जातं. ‘आय कान्ट लिव्ह विथ यू’ मुद्दाम ऐका. १९९१च्या मूळ गाण्यात मशीनचे ड्रम होते. इथे नव्याने वाजवलेले खरे ड्रम आणि गिटार आहेत, त्यामुळे त्याच आवाजाला अचानक पाठबळ मिळाल्यासारखं वाटतं. फ्रेडी नाही याची आठवण इथे फारशी येतच नाही.

‘हिट्स ३’मध्ये मात्र ती पदोपदी येते. नाव फसवं आहे, हा हिट गाण्यांचा संग्रह कमी आणि पाहुण्यांची पंगत जास्त. एप्रिल १९९२मध्ये वेम्बलीत जॉर्ज मायकलने गायलेलं ‘समबडी टू लव्ह’ यात आहे. प्रेक्षक ओळ उचलतात तेव्हा अजूनही काटा येतो. ‘बार्सिलोना’ही आहे. पाचगणीच्या शाळेत मित्रांच्या बँडमध्ये पियानो वाजवणारा बुलसारांचा मुलगा, म्हणजे आपला फ्रेडी, ऑपेरा गायिका मोन्सेरात काबायेच्या तोडीस तोड सूर लावतो, आणि आपल्याला उगाचच घरचं कुणीतरी जिंकल्यासारखं वाटतं. पण ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’वर वायक्लेफ जीनचं रॅप? पुढे ढकला.

पॅरिसमध्ये १९९७च्या जानेवारीत एल्टन जॉनने गायलेलं ‘द शो मस्ट गो ऑन’ इथेच मिळतं. त्या रात्रीनंतर बासवादक जॉन डीकन क्वीनबरोबर मंचावर कधी आला नाही.

मी पैसे ‘रॉक्स’वर टाकेन आणि ‘हिट्स ३’मधली तीन-चार गाणी सुटी ऐकेन. ऑपेराची आवड असणाऱ्याने खुशाल उलटं करावं. फ्रेडीच्या आठवणीत बँडमधल्या उरलेल्या तिघांनी केलेलं ‘नो-वन बट यू’ दोन्हीकडे आहे, त्याच्यासाठी निवड अडणार नाही.