‘क्रॅश’ बघावा की ‘द पियानो टीचर’?

अस्वस्थ करणारा सिनेमा बघायची तयारी आहे, पण तूर्त एकच झेपेल, अशा प्रेक्षकांसाठी हे लिहितोय. दोन्ही सिनेमे चारचौघांत बोलता न येणाऱ्या वासनेबद्दल आहेत, दोन्ही कादंबऱ्यांवर बेतलेत आणि फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दोघांनाही मोठे पुरस्कार मिळालेत. साम्य बहुतेक इथेच संपतं.

डेव्हिड क्रोनेनबर्गचा ‘क्रॅश’ (१९९६) जे. जी. बॅलर्डच्या १९७३ सालच्या कादंबरीवर आहे. मोटार अपघात, चेपलेला पत्रा, शरीरावरचे व्रण यांतून कामोत्तेजित होणाऱ्या माणसांची ही गोष्ट. नायकाच्या गाडीची समोरासमोर धडक होते, समोरच्या गाडीतला माणूस मरतो आणि पुढे त्याच्याच बायकोशी नायकाचे संबंध जुळतात. मग वॉन भेटतो. हॉलिवूड अभिनेता जेम्स डीनचा १९५५ मधला जीवघेणा अपघात तो खऱ्या गाड्या घेऊन, पट्टे न बांधता, जमलेल्या लोकांसमोर जसाच्या तसा घडवून आणतो. ऐकायला भडक वाटतं, पण पडद्यावर सगळं थंडगार आहे. कुणी ओरडत नाही, कुणाला पश्चात्ताप होत नाही, सगळे झोपेत असल्यासारखे हळू बोलतात. हॉवर्ड शोअरचं संगीतही तसंच, इलेक्ट्रिक गिटार आणि हार्पचं, धातूसारखं गार. सुरुवातीलाच लागोपाठ तीन प्रणयदृश्यं येतात आणि पुढेही कथानक कमी, अशी दृश्यंच जास्त. त्यामुळे धक्क्यापेक्षा कंटाळ्याची तयारी ठेवा. हे कुणी आधी सांगत नाही. अर्ध्या वाटेवर बंद करणारे बहुतेक लोक घाबरून नाही, कंटाळून बंद करत असावेत असा माझा अंदाज आहे.

मिखाएल हानेकेच्या ‘द पियानो टीचर’मध्ये (२००१) कंटाळा यायला फुरसतच मिळत नाही. एल्फ्रीड येलिनेकच्या कादंबरीवरचा हा सिनेमा व्हिएन्नात घडतो, पात्रं मात्र फ्रेंच बोलतात. एरिका कोहुट ही संगीत अकादमीतली करड्या शिस्तीची शिक्षिका. शूबर्ट या संगीतकाराच्या रचना शिकवताना विद्यार्थ्यांची सालटी काढते आणि घरी आईच्या पलंगाशेजारी झोपते. उशीर झाला की आई पर्स तपासते, झटापट होते. याच बाईच्या मनात स्वतःला यातना करून घेण्याची वासना आहे, आणि तिची तपशीलवार यादी ती वॉल्टर या तरुण विद्यार्थ्याला पत्रात लिहून देते. ते पत्र तो तिच्यासमोर वाचतो. नग्नता नाही, रक्त नाही, दोन माणसं आणि कागद, तरी या तुलनेतलं सगळ्यात अवघड दृश्य तेच आहे. पहिल्यांदाच उघडी पडलेली वासना समोरच्याला किळसवाणी वाटते आणि एरिका झालेल्या इझाबेल ह्युपेरचा चेहरा ते झेलत राहतो. तिला आणि वॉल्टर झालेल्या बेन्वा माजिमेलला कानमध्ये अभिनयाचे पुरस्कार मिळाले, सिनेमाला ग्राँ प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार.

माझ्या मते निवड ठरते ती इथे. ‘क्रॅश’मधली वासना ही एक कल्पना आहे, यंत्र आणि शरीर यांच्याबद्दलची. त्यातली माणसं तुम्हाला जवळ येऊ देत नाहीत, म्हणून तो बघून डोकं चालतं, मन फारसं दुखत नाही. एरिकाची वासना मात्र तिच्या घरातून, त्या आईतून, दाबून टाकलेल्या वर्षांतून आलेली दिसते. ती तुम्हाला आवडणार नाही, पण तिच्यापासून लांबही उभं राहता येणार नाही.

वादाचं म्हणाल तर ‘क्रॅश’चा गाजावाजा मोठा. ब्रिटनमध्ये ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने त्याविरुद्ध मोहीम चालवली. तिथल्या सेन्सॉर मंडळाने एकही कट न देता तो १८ वर्षांवरच्यांसाठी मंजूर केला, तरी लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर या स्थानिक परिषदेने आपल्या हद्दीतल्या थिएटरांत तो दाखवू दिला नाही. एवढं वाचून काहीतरी भयंकर बघायला मिळेल म्हणून जाल तर हिरमोड होईल. ‘पियानो टीचर’ला इतका गोंगाट लाभला नाही, आणि जास्त जखम तोच करतो.

इथे ज्युलिया ड्युकोर्नोच्या ‘टायटेन’चं (२०२१) नाव निघणारच, कारण त्यातही गाडी आणि वासना आहे आणि त्याला थेट पाम द’ओर हा कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पण तो खून आणि शरीराच्या विद्रूप होण्याचा, भयपटाच्या अंगाने जाणारा सिनेमा आहे. रक्त चालत असेल तरच.

तेव्हा एकच बघायचा तर ‘पियानो टीचर’. अपवाद एक, आणि तो गंभीरपणे घ्या: त्यात स्वतःला इजा करून घेण्याची दृश्यं आहेत आणि उत्तरार्धात लैंगिक हिंसा आहे. यातलं काही तुमच्या जिव्हारी लागणारं असेल तर ‘क्रॅश’कडे वळा, किंवा दोन्ही सोडा. सोबतीला कुणी असेल तर तेही आधी सांगून ठेवा. आणि ‘क्रॅश’ निवडलात तर लांबी तपासा. मूळ सिनेमा १०० मिनिटांचा आहे. अमेरिकेत काटछाट केलेली आवृत्तीही निघाली होती, ती बघण्यात अर्थ नाही.