हेरोद राजावरची ऑडिओ मालिका : चार स्टार

मांडलिक राजा म्हटलं की आपल्याकडे नागपूरचे तिसरे रघूजी भोसले आठवतात, गादी आपली पण डोक्यावर इंग्रजांचा रेसिडेंट, अन् १८५३ ला राजे बिनवारस गेले तं राज्यच खालसा. हेरोद पण तसाच, दोन हजार वर्षांमागं यहूदियावर, म्हणजे आजच्या इस्रायल-पॅलेस्टाईनकडच्या ज्यू मुलखावर, रोमच्या जोरावर टिकलेला. इ.स.पू. ४० मध्ये इराणकडची पार्थियन फौज घुसली तेव्हा घरच्यांना मसाडाच्या किल्ल्यावर ठेवून हा रोमला पळाला अन् तिथल्या सिनेटनं त्याला यहूदियाचा राजा जाहीर करून टाकलं. जेरुसलेम हाती आलं ३७ मध्ये, तेही रोमन फौज घेऊन.

ऱ्होड्स बेटावाला भाग लय भारी. रोमच्या सत्तेसाठी अँटनी अन् ऑक्टेव्हियन हे दोन रोमन सरदार भिडले होते. अ‍ॅक्टियमच्या लढाईत अँटनी हरला, हेरोद तर अँटनीचाच माणूस. तरी तो मुकुट काढून ऑक्टेव्हियनसमोर गेला अन् सरळ बोलला, मी कोणाचा मित्र होतो ते पाहू नका, कसा मित्र होतो ते पाहा. मुकुट परत मिळाला! रात्रीच्या लाईनवर हरभऱ्याला पाणी देताना हे ऐकलं, स्प्रिंकलरचे पाइप बदलून आलो अन् मागं नेऊन पुन्हा ऐकलं.

दुष्काळाचा भाग शेतकऱ्यानं तं ऐकलाच पाहिजे. इ.स.पू. २५ च्या सुमारास पिकं बुडाली, तेव्हा महालातलं सोनं-चांदी वितळवून त्यानं इजिप्तहून धान्य आणलं, अन् ज्या म्हाताऱ्या-दुबळ्यांना स्वतः रांधता येत नव्हतं त्यांच्यासाठी भाकरी भाजणारे लावले. याच माणसानं बायको मरियम्ने अन् स्वतःची तीन पोरं मारली, तेही मालिकेत झाकलेलं नाही.

कमी पडलं ते कराचं. कैसरियाचं बंदर बांधायला पाण्यात घट्ट होणाऱ्या काँक्रीटसाठी इटलीहून ज्वालामुखीची राख आणली, पण त्याचा पैसा कोणाच्या वावरातून आला हे दोन वाक्यात उरकलं. इ.स.पू. ४ मध्ये तो मेला तेव्हा यहुद्यांचं शिष्टमंडळ ऑगस्टसकडे (तोच ऑक्टेव्हियन, आता रोमचा सम्राट) गेलं, म्हणे हे राजे नको, आम्हाला सीरियाच्या रोमन सुभ्याला जोडा. यावर अख्खा भाग पाहिजे होता, काहून नाही केला?

नकाशा नाही, अन् अ‍ॅपमध्ये डाउनलोड नाही, आमच्याकडे वावरात रेंज येते-जाते. डाउनलोड द्या, पाचवा स्टार लगेच देतो.