‘बेस्ट ऑफ बोवी’चा डीव्हीडी संच : पाच महिन्यांच्या वापरानंतर

ब्रिटिश रॉकगायक डेव्हिड बोवीची गाणी मी कॉलेजपासून ऐकते. त्याचे व्हिडिओ मात्र कधी ओळीनं पाहिले नव्हते. जुलैमध्ये जुन्या सीडी-डीव्हीडी विकणाऱ्या एका दुकानात ‘बेस्ट ऑफ बोवी’ हा दोन डीव्हीडींचा संच हाती लागला. २००२ साली निघालेला, एकूण ४७ व्हिडिओ, १९७२पासून १९९९पर्यंतचे. पाच महिने झाले, रात्रीची जेवणं आटोपली की आई आणि मी त्यातले दोन-तीन पाहतो. संपला की पुन्हा पहिल्यापासून. आता चौथी फेरी चालू आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

यातले जवळपास सगळे व्हिडिओ आज इंटरनेटवर फुकट दिसतात, काही तर यापेक्षा स्वच्छ. ‘लाइफ ऑन मार्स?’ छायाचित्रकार मिक रॉकनं २०१६ साली पुन्हा संकलित केला, त्याच्यापुढे या डीव्हीडीतली प्रत फिकी वाटते. मग संच कशासाठी घ्यायचा? क्रमासाठी. इथे व्हिडिओ साधारण ज्या क्रमानं चित्रित झाले त्याच क्रमानं येतात. सुट्या गाण्यांमधून जो माणूस मला वीस वर्षांत कळला नव्हता, तो या क्रमामुळे कळला. म्हणून विनंती एवढीच, की हा संच शफलवर टाकू नका. आणि एका बैठकीत संपवूही नका.

पहिल्या डीव्हीडीची सुरुवात व्हिडिओंनी होतच नाही. टीव्हीवरच्या कार्यक्रमांनी होते, कारण १९७२ साली गाण्यासाठी वेगळा व्हिडिओ काढायची रीतच रुजलेली नव्हती. ‘स्टारमन’ हा बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मधला तुकडा, जुलै १९७२चा. लाल केस, रंगीबेरंगी अंगाबरोबरचा पोशाख, निळी गिटार. गाता गाता तो गिटारवादक मिक रॉन्सनच्या खांद्यावर हात टाकतो आणि एका ओळीला थेट कॅमेऱ्याकडे बोट रोखतो. त्या संध्याकाळी घरात बसून हे पाहणाऱ्या कितीतरी ब्रिटिश मुलांनी पुढे स्वतःचे बँड काढले. त्यांच्या मुलाखतींतून हा प्रसंग सारखा येतो. मी तो वाचून होते. पण ते बोट आपल्या दिवाणखान्यात आपल्यावर रोखलेलं पाहिल्यावर त्या मुलांचं काय झालं असेल ते समजलं.

मग मिक रॉकचे व्हिडिओ. १९७३चा ‘लाइफ ऑन मार्स?’ म्हणजे पांढरीशुभ्र पार्श्वभूमी, फिकट निळा सूट, डोळ्यांवर निळी रंगभूषा, आणि बाकी काहीही नाही. बँड नाही, गोष्ट नाही. प्रकाश इतका जास्त की चेहऱ्याचं नाक-गाल नाहीसे होऊन फक्त डोळे आणि ओठ उरतात. त्याच्या दोन डोळ्यांतला फरक इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. शाळकरी वयात मित्राचा ठोसा बसून डाव्या डोळ्याची बाहुली कायमची विस्फारलेली राहिली. लोक अजूनही त्याला दोन रंगांचे डोळे म्हणतात. रंग एकच आहे, बाहुल्या लहानमोठ्या आहेत.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. इंग्रजी गाण्यांशी तिचा काही संबंध नाही. पहिले दोन आठवडे ती शेजारी भाजी निवडत बसायची आणि दर व्हिडिओला एकच प्रश्न विचारायची, “हा तोच का गं?” तोच, असं मी म्हणायचे. एकदा ती म्हणाली, “बहुरूपी आहे हा.” लहानपणी वाईला त्यांच्या दारी सुगीनंतर बहुरूपी यायचे, कधी फौजदार होऊन, कधी वैद्य होऊन. मोठ्या माणसांना सोंग ठाऊक असायचं, तरी सगळे फौजदाराला घाबरल्यासारखं करायचे आणि मग धान्य घालायचे. तिच्या त्या एका शब्दापासून मी हा संच वेगळ्या नजरेनं पाहायला लागले.

माझ्या मते या संचाचा गाभा म्हणजे डेव्हिड मॅलेटनं दिग्दर्शित केलेले १९७९ आणि १९८०चे व्हिडिओ. ‘बॉइज कीप स्विंगिंग’मध्ये बोवी सूट घालून गातो आणि त्याच्यामागे कोरस गाणाऱ्या तीन बायकाही तोच. शेवटी त्या एकेक करून पुढे येतात. पहिल्या दोघी केसांचा टोप ओढून काढतात आणि मनगटानं ओठांवरची लिपस्टिक गालभर फरफटतात. तिसरी, वयस्कर बाई, तशीच राहते आणि लांबून एक चुंबन पाठवते. आईला हे पाहताना तिचे वडील आठवले. त्यांनी बालगंधर्वांची नाटकं पाहिली होती आणि “बाईमाणसानं चालणं शिकावं ते नारायणरावांकडून” असं ते घरी सांगायचे. आम्ही दोघी त्यावर बराच वेळ बोलत बसलो. आपल्या स्त्रीपार्टी नटाची सारी कमाई प्रेक्षकाला आतला पुरुष विसरायला लावण्यात होती. बोवी सोंग पुरतं वठवतो आणि मग तुमच्या देखत ते पुसतो, तेही नीट न पुसता. ती फरफटलेली लिपस्टिक मी पाच महिन्यांत निदान दहा वेळा पाहिली असेल, अजून अंगावर येते.

त्याच काळातला ‘डी.जे.’ मी आधी पाहिलाच नव्हता. त्यातला एक भाग लंडनच्या अर्ल्स कोर्ट रोडवर चित्रित केलेला आहे. बोवी नुसता चालत निघालाय, लोक ओळखतात, मागे लागतात, एक-दोघं थेट मिठी मारून मुके घेतात. नटवलेलं काही वाटत नाही. १९७७च्या ‘बी माय वाइफ’मध्ये हाच माणूस रिकाम्या पांढऱ्या जागेत गिटार धरून इतका अवघडलेला उभा असतो की पाहणाऱ्यालाच कानकोंडं व्हावं. दोन्हींमध्ये दोनच वर्षांचं अंतर.

आणि ‘ॲशेस टु ॲशेस’. हा व्हिडिओ निघाला १९८० साली, गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी एमटीव्ही ही वाहिनी त्यानंतर वर्षभरानं, ऑगस्ट १९८१मध्ये सुरू झाली. त्यातली दृश्यं बोवीनं स्वतः कागदावर रेखाटून मॅलेटला दिली होती. विदूषकाच्या वेशात तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्राच्या कडेनं चालतो. आकाश काळं, पाणी भलत्याच रंगाचं. मागे लंडनच्या ब्लिट्झ या नाइटक्लबमधली चार पोरं झग्यांमध्ये चालताहेत आणि त्यांच्यामागून बुलडोझर. मधूनच भिंतींना गाद्या ठोकलेली वेड्यांची खोली, मधूनच स्वयंपाकघर. १९६९च्या ‘स्पेस ऑडिटी’ या गाण्यात मेजर टॉम नावाचा अंतराळवीर अवकाशात गेला होता, या गाण्यात त्याचं पुढे काय झालं ते येतं. संचात ‘स्पेस ऑडिटी’चा १९७२ साली चित्रित झालेला व्हिडिओ आधी येऊन गेलेला असतो, त्यामुळे इथे पोचेपर्यंत आपण टॉमला ओळखत असतो. क्रमाचा फायदा म्हणते तो हा.

आता थोडं तांत्रिक, कारण पहिला आठवडा माझा यातच गेला. सगळं चित्र जुन्या ४:३ आकाराचं आहे. नवीन टीव्ही ते आपण होऊन रुंद ताणतो आणि बोवीचा निमुळता चेहरा गालगुंड झाल्यासारखा दिसतो. टीव्हीच्या रिमोटवर चित्राच्या आकाराची सोय असते, तिथे ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील ते येऊ द्या. दुसरं, सत्तरच्या दशकाअखेरचं बरंचसं काम व्हिडिओ टेपवरचं आहे. ते मुळातच मऊ आणि थोडं फाटलेलं दिसतं. टीव्हीतला ‘शार्पनेस’ वाढवला तर कडांना पांढऱ्या रेघा येतात, म्हणून मी तो अगदी खाली ठेवला. आवाज मी साध्या स्टिरिओवर ऐकते आणि तो उत्तम आहे. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर मात्र ‘फॅशन’मधला बास नावालाही ऐकू येत नाही, तेव्हा निदान हेडफोन तरी लावा. परदेशातून मागवणार असाल तर डीव्हीडी कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालते ते सांगणारा विभागाचा (रीजन) आकडा बघून घ्या, भारताचा ५ आहे. माझ्या संचातल्या दुसऱ्या डीव्हीडीवर ओरखडा होता आणि एका जागी ती अडकायची. मऊ सुती फडक्यानं मध्यापासून कडेकडे सरळ पुसली, गोल नाही, आणि अडकणं थांबलं. जुना माल घेताना दुकानातच उजेडात तिरपी धरून पाहा. मी पाहिली नाही.

मेनूमध्ये काही गोष्टी लपवलेल्या आहेत. बाणाची बटणं इकडेतिकडे दाबत राहिलं की सापडतात. त्यातली सगळ्यात मोलाची म्हणजे ‘जॅझिन फॉर ब्लू जीन’, ज्युलियन टेंपलनं १९८४ साली केलेला वीसेक मिनिटांचा लघुपट, ज्याला ग्रॅमीही मिळालं. बोवी त्यात दोन भूमिका करतो, एक मुलीवर छाप पाडायला धडपडणारा साधा कामकरी विक आणि दुसरा रंगरंगोटी केलेला, भेदरलेला रॉकस्टार. विकच्या भूमिकेतला मोकळेपणा पाहून वाटतं, याला लोकांनी विनोदी कामं आणखी का दिली नाहीत!

‘लेट्स डान्स’ माझा पहिला बोवी. घरी केबल आल्यावर एमटीव्हीवर दिसला होता, तेव्हा नावही माहीत नव्हतं, फक्त लाल बूट लक्षात राहिले. १९८३चा हा व्हिडिओ ऑस्ट्रेलियात चित्रित झाला, त्यातला गुत्ता न्यू साउथ वेल्समधल्या कॅरिंडा या लहानशा गावातला. गाणं नाचाचं, पण व्हिडिओ तिथल्या आदिवासी तरुण जोडप्याचा. मुलगा शहरातल्या रस्त्यावरून अवजड यंत्र ओढतोय, मुलगी भर रस्ता हातानं घासतेय. लाल बुटांचा मोह, आणि शेवटी ते बूट दोघं पायाखाली तुडवतात. त्याच वर्षी एमटीव्हीच्या मुलाखतीत बोवीनं मुलाखतकारालाच विचारलं होतं की तुमच्या वाहिनीवर कृष्णवर्णीय कलाकार इतके कमी का. शाळेत असताना यातलं मला काहीच दिसलं नव्हतं. आता ते बूट पाहवत नाहीत.

उणिवाही सांगायला हव्यात. १९८८ ते १९९२ या काळात तो टिन मशीन या बँडमध्ये होता, त्यातलं इथे एकही गाणं नाही. १९८५ ते १९८७चा पट्टा कमजोर आहे. मिक जॅगरबरोबरचा ‘डान्सिंग इन द स्ट्रीट’ लाइव्ह एड या दुष्काळग्रस्तांसाठीच्या मदत-मैफलीकरता एका रात्रीत उरकला होता आणि ते दिसतं. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे क्वीन या बँडबरोबरचं ‘अंडर प्रेशर’ यात नाही. आम्ही वाईच्या बाजूची माणसं. पसरणीचा घाट चढून गेलं की पाचगणी, तिथल्या सेंट पीटर्स शाळेत क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी शिकला, तिथेच त्यानं ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँड केला. आईला मी ते सांगितल्यापासून ती दर फेरीला विचारते, “आपल्या पाचगणीचा तो मुलगा कधी येतो?” तसा त्या गाण्याच्या मूळ व्हिडिओत दोघांपैकी कोणीच नाही, मॅलेटनं तो जुन्या चित्रफितींचे तुकडे जोडून केला होता. तरी तो इथे हवा होता.

दुसरी डीव्हीडी मी सुरुवातीला कमी लेखली. १९९३पासून ती उजळते. मार्क रोमानेकनं दिग्दर्शित केलेला ‘जंप दे से’ एकट्यानं पाहावा. त्या गाण्यामागे बोवीच्या सावत्र भावाची, टेरीची, १९८५ सालची आत्महत्या आहे. ‘आय ॲम अफ्रेड ऑफ अमेरिकन्स’मध्ये न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर त्याचा पाठलाग होतो, तो आईनं पदर तोंडाशी धरून पाहिला. १९९६चा ‘हॅलो स्पेसबॉय’ पेट शॉप बॉइज या गायक-जोडीबरोबरचा, आणि त्यात मेजर टॉम पुन्हा येतो.

शेवटचे दोन व्हिडिओ वॉल्टर स्टर्नचे, १९९९चे. ‘थर्सडेज चाइल्ड’मध्ये पन्नाशी ओलांडलेला बोवी रात्री न्हाणीघरात बायकोशेजारी आरशासमोर उभा आहे, आणि आरशात तरुण चेहरे दिसायला लागतात. पहिल्या फेरीत मला तो संथ वाटला. पण मागचे पंचेचाळीस व्हिडिओ पाहून इथे आलं की आरशात पाहणाऱ्याबरोबर आपल्यालाही ते सगळे जुने चेहरे आठवतात. त्यानंतर ‘सर्व्हाइव्ह’. साधं स्वयंपाकघर, टेबल, गॅसवर उकडत ठेवलेलं अंडं. थकलेला माणूस ते होण्याची वाट पाहत बसलाय, आणि बसल्या बसल्या हळूहळू तरंगायला लागतो.

तिसऱ्या फेरीत इथे आई म्हणाली, “तो मघाचा विदूषक होता, त्यातपण स्वयंपाकघर होतं ना?” मी पहिली डीव्हीडी परत लावली. होतं. १९८०च्या त्या स्वयंपाकघरात तो खुर्चीला घट्ट चिकटून बसलेला आहे आणि भोवताली स्फोट होताहेत. आम्ही दोन्ही व्हिडिओ लागोपाठ पुन्हा पाहिले. साडेअकरा वाजले होते, दूध विरजायचं राहिलं होतं, तरी आई उठली नाही.