पालो ड्युरो की कॅपरॉक? टेक्ससच्या पठारावर एकच दिवस असेल तर

दोन्ही घळी यानो एस्टाकाडो या सपाट, कोरड्या पठाराच्या पूर्व कडेवरच्या. गाडी अमरिलो शहरातून निघते, क्षितिजापर्यंत सपाटी, आणि अचानक जमीन संपते.

पालो ड्युरो मोठी: सुमारे १९० किलोमीटर लांब, काही ठिकाणी २४० मीटर खोल. रेड नदीच्या एका फाट्याने ती कोरली. 'लाइटहाउस' हा दगडी सुळका इथली खूण. जाऊन-येऊन नऊ-दहा किलोमीटर, वाटेत सावली नावालाच. उन्हाळ्यात पहाटेच निघा, पाणी भरपूर घ्या. १८७४ मध्ये अमेरिकी सैन्याने इथे कोमांची, कायोवा आणि शायेन या मूळनिवासी लोकांच्या छावण्या जाळल्या आणि त्यांचे हजारावर घोडे पकडून जवळच्या ट्यूल घळीत मारले. हे माहीत असल्याशिवाय ही घळ बघू नये, असं मला मनापासून वाटतं.

कॅपरॉक लहान, पण माझं मत तिलाच. लाल मातीच्या कड्यांतून जिप्समच्या पांढऱ्या शिरा गेलेल्या. ऊन पडलं की रेशमासारख्या चमकतात. फर्न केव्हमध्ये खडकातून पाणी झिरपतं आणि त्या रखरखाटात हंसराजाची नाजूक पानं लोंबतात. शिवाय गुडनाइट या पशुपालक दांपत्याने वाचवलेल्या बायसनचा, म्हणजे गव्यासारख्या अमेरिकी रानबैलांचा, वंश इथे मोकळा फिरतो. अंतर मात्र राखा.

अमरिलोहून पालो ड्युरो अर्ध्या तासावर, कॅपरॉकला दीड-दोन तास. लहान मुलं सोबत असतील तर पालो ड्युरोच.