जुने इस्त्रीछाप: नक्षी पाच तारे, शाई दोन

अभ्रे, टेबलक्लॉथ आणि स्वयंपाकघरातल्या रुमालांवर भरण्यासाठीचे आंट मार्था, व्होगार्ट, ब्रिग्ज या कंपन्यांचे जुने इस्त्रीछाप, म्हणजे इस्त्रीच्या आचेनं भरतकामाची नक्षी कापडावर उमटवणारे कागद, ऑनलाइन गठ्ठ्यानं विकायला येतात. जरूर घ्या, पण नक्षीसाठी. कापडावर थेट छापायच्या आशेनं घेतले तर निम्मा गठ्ठा वाया जातो.

गठ्ठा आला की आधी रेघेवरून बोट फिरवा. न वापरलेल्या छापाची रेघ किंचित उठून लागते. रेघ सपाट आणि फिकट असेल, तर त्याच्यावरून कुणाची तरी इस्त्री फिरून गेलीय. घडीवर शाईला तडा जातो आणि तिथली पाकळी अर्धीच उमटते. कागदाच्या कोपऱ्यात बऱ्याचदा नंबर किंवा चिमुकलं फूल असतं. तेवढं कापून मांजरपाटाच्या तुकड्यावर लावून पाहा. तेच उमटलं नाही तर बाकीच्याची आशा सोडा.

उमटलं तर कापड आधी धुऊन खळ काढा. नाहीतर शाई खळीवर बसते आणि पहिल्याच धुण्यात खळीबरोबर जाते. वाफ बंद, बटण कॉटनवर, खाली फळी आणि तिच्यावर एकपदरी चादर, गादी नको. शाईची बाजू खाली ठेवून टाचण्या लावा. इस्त्री दहा-एक सेकंद दाबा, उचला, पुढे ठेवा. सरकवलीत की दुहेरी रेघ आलीच. टेरिकॉटला एवढी आच सोसत नाही. कागदावर अक्षरं उलटी दिसतात, तो दोष नव्हे, कापडावर ती सुलट येतात. मात्र ही शाई धुऊन जाईलच असं नाही, म्हणून भरतकामाच्या दोऱ्याच्या सहापैकी दोन पदर घेऊन देठ टाक्यानं रेघ झाका. एकपदरी धावदोऱ्याखालून ती डोकावत राहते.

खरी किंमत वसूल होते ती खाका, म्हणजे नक्षीच्या रेघेवर भोकं टोचलेला कागद, केल्यावर. नकाशावाले वापरतात त्या जाड ट्रेसिंग पेपरवर नक्षी उतरवा, खाली घडी घातलेलं घोंगडं ठेवा आणि बारीक सुईनं दीड-दोन मिलिमीटरवर भोकं टोचा. मागच्या बाजूला उठलेल्या कडा बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासा, नाहीतर भोकं बुजतात. खाका कापडावर ठेवून, रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्यानं पुसा; गडद कापडावर झिंक पावडर. बोळा दाबल्यावर थेंब पडला तर रॉकेल जास्त झालं. मलमलवर तेच ठिपके पसरून एकमेकांत मिसळतात. खाका दोन्ही बाजूंनी चालतो, त्यामुळे अभ्र्यांच्या जोडीला समोरासमोर तोंड केलेले मोर एकाच कागदातून निघतात. इस्त्रीछापात ही सोय नाही.

बेळगावच्या बाजारात छापून देणाऱ्यांचा हात झटपट चालतो, पण बोळा ओला असतो. पहिला हात रद्दीवर मारून दाखवायला सांगा. मूळ कागद त्यांच्या हातात देऊ नका, त्यावरच सुई चालते. नक्षी उतरवून न्या आणि टोचलेला खाका परत मिळणार का, हे आधीच ठरवा. कसुतीचं, म्हणजे कर्नाटकातल्या पारंपरिक भरतकामाचं, गोपुर, रथ मात्र कुणाकडूनच छापून घेऊ नका. गवंती, मुरगी, नेयगी, मेंथी हे चारही टाके कापडाचे धागे मोजून घालतात. छापलेली रेघ धाग्यांच्या मधूनच जाते आणि गवंतीची उलट-सुलट सारखी बाजू बिघडते.

आपल्याकडच्या पावसात कागद दमट होतात. दोन छापांमध्ये बटर पेपर घालून ते सपाट, पत्र्याच्या डब्यात ठेवा, कारण एकाची शाई दुसऱ्याला लागते.

सोमवार ते रविवार अशा सात वारांच्या छापांचे संच सुटे घेऊ नका, राहिलेला वार शोधता शोधता दमछाक होते. मांजरीचं पिल्लू सोमवारी धुणं धुतं, मंगळवारी इस्त्री करतं, गंमत आहे. वारांची नावं इंग्रजीत असतात. खाका टोचताना ती वगळा आणि मोकळ्या जागेत आधी पेन्सिलीनं ‘बृहस्पतिवार’ लिहून पाहा. नाही मावला तर ‘गुरुवार’.